मान वर करायला फुरसत

मराठीत कष्टाची गोष्ट निघाली की मान पुढे येतेच. माणूस मान मोडून काम करतो, मानेवर जू घेतो, आणि कामाचा फारच रेटा असला तर त्याला मान वर करायलाही फुरसत नसते. यातल्या शेवटच्या वाक्प्रचाराकडे वैद्यकाच्या नजरेने पाहिले तर त्यात निदानच दडलेले दिसते. शिलाई मशीनवरचा कारागीर, संगणकात दिवसभर आकडे भरणारी ऑपरेटर, बँकेतला कारकून, हातमागावर पैठणीचा पदर भरणारा विणकर यांची मान जड ओझ्याने दुखत नाही. ती तासन्‌तास वर होत नाही म्हणून दुखते. हे एकदा मान्य केले की कचेऱ्यांच्या आणि कारखान्यांच्या भिंतींवर लागणाऱ्या मान-खांद्याच्या व्यायामांच्या तक्त्यांकडे वेगळ्या तऱ्हेने पाहावे लागते. त्या तक्त्यांतले ताण देण्याचे व्यायाम उपयोगी आहेत, याला बऱ्यापैकी पुरावा आहे. पण ते ज्या कारणाने उपयोगी पडतात ते कारण तक्त्यावर छापलेले नसते, आणि म्हणूनच व्यायाम बहुधा तक्त्यावरच राहतात.

शिलाई मशीनवर बसलेल्या कारागिराकडे थोडा वेळ नीट पाहावे. मशीन धडधडत असते, पाय पायटावर असतात, बोटे कापड सरकवत असतात. सगळीकडे हालचालच दिसते. स्थिर असतात ते फक्त डोके आणि खांदे. नजर सुईपुढच्या बोटभर जागेवर खिळलेली, मान पुढे वाकलेली, आणि हात कापडाला धरून अधांतरी असल्याने खांदे किंचित वर चढलेले. कॉलर लावताना किंवा बाहीचा गोल जोडताना तर श्वासही आखडलेला असतो. प्रौढ माणसाचे डोके साधारण साडेचार-पाच किलोचे. ते कण्यावर सरळ तोललेले असेल तर स्नायूंना फारसे काम पडत नाही. पुढे झुकले की ते आणखी खाली जाऊ नये म्हणून मानेमागच्या स्नायूंना दोर धरल्यासारखे ओढून धरावे लागते. २०१४ मध्ये न्यूयॉर्कमधले मणक्याचे शल्यविशारद केनेथ हन्सराज यांनी मांडलेला एक आकडा तेव्हापासून सगळीकडे फिरतो आहे: मान ६० अंशांत वाकली की तिच्यावर सुमारे २७ किलोचा भार पडतो. आकडा चटकन लक्षात राहतो, पण तो संगणकावर केलेल्या गणिताचा आहे, जिवंत माणसांच्या मानेत मोजलेला नाही. शिवाय तो वाचणाऱ्याचे लक्ष भलत्याच ठिकाणी नेतो. पाठीवर पोते घेणाऱ्या माथाडी कामगाराच्या मानेवर येणारा भार याहून खूप मोठा. त्याच्या मणक्यांचे हालही काही कमी होत नाहीत. पण त्याचे पोते थप्पीला लागले की उतरते. शिलाई कारागिराच्या मानेवरचे ओझे लहान असते आणि ते उतरतच नाही. डेन्मार्कमध्ये १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला शिलाई मशीनवरच्या स्त्रियांची तपासणी झाली, तेव्हा या कामात जितकी वर्षे जास्त गेलेली तितके मान-खांद्याचे विकार जास्त, असे आढळले होते.

लहानसे ओझे सतत धरून ठेवण्यात एवढे वाईट काय, असे कुणी विचारील. शरीरशास्त्रज्ञांनाही बराच काळ त्यात काही वाईट दिसत नव्हते. १९६० च्या सुमारास जर्मनीत वाल्टर रोमर्ट यांनी स्नायू किती जोर किती वेळ धरू शकतो याचे आलेख मांडले. त्यावरून असा समज रुजला की कमाल ताकदीच्या सुमारे १५ टक्क्यांच्या आतला जोर स्नायू जवळजवळ कितीही वेळ पेलू शकतो. या हिशेबाने टंकलेखकांचे खांदे दुखायला नकोत; पण ते तर दुखतच होते. कोडे उलगडायला स्नायूच्या आत पाहावे लागले. स्नायू हा एकसंध दोर नसतो. त्यात तंतूंचे लहानमोठे गट असतात. हलक्या कामाला आधी लहान गट जुंपले जातात, जोर वाढला तर मोठे गट मदतीला येतात, आणि जोर कमी झाला की मोठे आधी सुटी घेतात. लहान गट मात्र काम पूर्ण थांबेपर्यंत सुटत नाहीत. स्वीडनच्या योरान हेग यांनी १९९१ मध्ये या तंतूंना परीकथेतल्या सिंड्रेलाचे नाव दिले. आपल्याकडे त्यासाठी परीकथेपर्यंत जायची गरज नाही. भरल्या घरातल्या थोरल्या सुनेची दिनचर्या हीच असते, सगळ्यांच्या आधी उठायचे आणि सगळ्यांच्या नंतर पाठ टेकायची. एकूण स्नायू हलकेच काम करत असतो, पण त्यातले हे मोजके तंतू दिवसभर राबून मोडकळीला येतात, असे हे म्हणणे. ते अजून गृहीतकच आहे. तरीही मानेपासून खांद्यापर्यंत उतरणाऱ्या ट्रॅपेझियस स्नायूचे दुखणे ते फार चांगले समजावून देते, कारण हा स्नायू हाताला काही काम नसतानाही नुसत्या मानसिक ताणाने आवळतो. साहेब मागे येऊन उभे राहिले की खांदे कानांकडे सरकतात ते उगाच नव्हे. इटालियन वैद्य बर्नार्डिनो रामाझिनी यांनी कामगारांच्या रोगांवर लिहिलेला ग्रंथ १७०० साली निघाला आणि १७१३ मध्ये वाढवला गेला. लेखनिकांच्या दुखण्याची जी कारणे त्यांनी नोंदली, त्यांत सतत बसणे आणि हाताची तीच ती हालचाल यांच्या जोडीला चूक होऊ नये म्हणून मनावर राहणारा ताणही आहे.

आता ताण देण्याच्या व्यायामांकडे वळू. थायलंडमधली एक चाचणी २०१६ मध्ये प्रसिद्ध झाली. निदान तीन महिने मान दुखत असलेल्या ९६ कार्यालयीन कर्मचाऱ्यांचे चिठ्ठ्या टाकल्यासारखे दोन गट केले. कसे बसावे-उठावे याची पुस्तिका दोन्ही गटांना दिली. एका गटाला त्याशिवाय मान आणि खांद्यांना ताण देण्याचे व्यायाम दिवसातून दोनदा, आठवड्यातून पाच दिवस, चार आठवडे करायला सांगितले. व्यायाम करणाऱ्यांची वेदना दहाच्या मापावर दुसऱ्या गटापेक्षा सुमारे १.४ ने अधिक उतरली, आणि आठवड्यातून तीनदा किंवा जास्त वेळा जे करत राहिले त्यांना जास्त लाभ झाला. चमत्कार म्हणावा असे काही नाही, पण ज्याला संध्याकाळी मान वळवून मागे पाहता येत नाही त्याला दीड गुणही पुष्कळ वाटतो. हा लाभ होतो कशामुळे? सर्वसाधारण समजूत अशी की आखडून आखूड झालेला स्नायू ओढला की लांब होतो. पण काही आठवड्यांच्या ताणांनी स्नायूची लांबी खरोखर वाढते याला पुरावा तोकडा आहे. वाढते ती ताण सोसण्याची मुभा, म्हणजे मेंदू आणि मज्जासंस्था जिथे ‘आता पुरे’ म्हणत होत्या ती हद्द पुढे सरकते, अशी मांडणी २०१० मध्ये वेप्लर आणि मॅग्नुसन यांनी केली. ही मांडणी धरली तर जोर लावून मान ओढण्यात फारसे हशील नाही. मग ताण देण्यातून मिळते ते मुख्यतः विरामातून आणि हालचालीतून मिळत असणार: डोके वर आले, खांदे खाली आले, राबत्या तंतूंना क्षणभर सुटी मिळाली. हा तर्क माझा आहे, सिद्ध झालेला नियम नव्हे. पण पुढचा पुरावा त्याच बाजूला झुकतो.

फिनलंडमधले २००३ चे संशोधन या विषयात वारंवार पुढे केले जाते. मानेचे जुने दुखणे असलेल्या कार्यालयातल्या १८० स्त्रियांचे तीन गट केले. एका गटाला मानेची ताकद वाढवणारे व्यायाम, दुसऱ्याला दम वाढवणारे हलके व्यायाम, आणि तिसऱ्याला फक्त ताण देणे व चालण्यापळण्यासारखा व्यायाम. वर्षअखेर बराचसा किंवा पूर्ण आराम पडल्याचे सांगणाऱ्या पहिल्या गटात ७३ टक्के, दुसऱ्यात ५९ आणि तिसऱ्यात २१ टक्के. एवढे वाचून ताण देण्याचे व्यायाम कुचकामी ठरवणारे पुष्कळ भेटतात. पण त्याच फिनलंडमध्ये, त्याच वर्षी, ३९३ कार्यालयीन स्त्रियांवरची आणखी एक मोठी चाचणी प्रसिद्ध झाली. तिच्यात स्नायूंचे व्यायाम करणाऱ्या, शिथिलीकरण शिकणाऱ्या आणि नेहमीचे आयुष्य जगणाऱ्या अशा तिन्ही गटांत फरक दिसला नाही. पुढे १०१ रुग्णांवर ताकदीचे व्यायाम अधिक ताण विरुद्ध नुसता ताण अशी तुलना झाली. वर्षाने तिथेही दोन्ही गट सारखेच निघाले, आणि घरी करायचा व्यायाम हळूहळू मागे पडत गेल्याचे दिसले. मला यातून दिसते ते हे: पहिल्या चाचणीतल्या स्त्रियांना प्रशिक्षणाच्या शिबिराने नीट सुरुवात करून दिली होती; उलट जिथे व्यायाम रेंगाळला तिथे त्याचा प्रकार कोणता हा प्रश्नच उरला नाही. डेन्मार्कचे लार्स अँडरसन आणि सहकारी यांनी २०११ मध्ये नेमके हेच हेरून विचारले की कमीत कमी किती पुरते. १९८ कार्यालयीन कर्मचारी घेतले. एका गटाने रबरी नळीचा ताण घेऊन हात बाजूने खांद्याच्या उंचीपर्यंत उचलण्याचा व्यायाम रोज फक्त २ मिनिटे केला, दुसऱ्याने १२ मिनिटे, आठवड्यातून पाच दिवस, दहा आठवडे. वेदना दोन्हीकडे उतरली: दोन मिनिटांच्या गटात सुमारे १.४ आणि बारा मिनिटांच्या गटात १.९ गुणांनी. सहापट वेळ दिला, लाभ मात्र दीडपटही झाला नाही. थायलंडच्या ताणांचा आणि डेन्मार्कच्या दोन मिनिटांचा आकडा जवळजवळ एकच यावा, हेही बोलके आहे. चाचण्या वेगळ्या, माणसे वेगळी, म्हणून यावर फार मोठी इमारत उभारू नये; पण थोडे, रोज आणि कामाच्या जागीच, एवढे तरी त्यातून निघते.

यावर पहिला आक्षेप खुर्ची विकणाऱ्यांचा. ते म्हणतात, बसण्याची पद्धत सुधारा, व्यायामाची गरजच राहणार नाही. पडदा नजरेच्या पातळीला असावा, कोपरांना टेकू असावा, शिलाईचे टेबल फार खाली नसावे, हे सगळे खरेच आहे. पण ‘योग्य ठेवण’ नावाची एकच मुद्रा मानेला वाचवते, हे पुराव्यात दिसत नाही. ऑस्ट्रेलियात १७ वर्षांच्या १,१०८ मुलामुलींच्या बसण्याच्या ठेवणीची तपासणी २०१६ मध्ये प्रसिद्ध झाली. मान पुढे काढून वाकून बसणारी आणि ताठ बसणारी, यांच्या मानदुखीत फरक निघाला नाही. प्रौढ कामगारांना ते जसेच्या तसे लागू करता येणार नाही. तरी महागड्या खुर्चीत ताठ, पण चार तास न हलता बसलेला माणूस त्या तंतूंच्या लेखी वाकून बसलेल्याइतकाच निर्दय असतो. दुसरा आक्षेप रुग्णांकडूनच येतो: ‘माझ्या मणक्यात गॅप आहे, मला व्यायामाने काय होणार?’ एमआरआयचा कागद पाकिटातून काढून दाखवत हे वाक्य म्हटले जाते. जपानमध्ये कसलाही त्रास नसलेल्या १,२११ माणसांच्या मानेचे एमआरआय काढले, तर ८७.६ टक्के लोकांच्या मणक्यांमधल्या चकत्या फुगलेल्या दिसल्या; विशीतल्या बहुतेकांच्याही. फुगलेली चकती काही वेळा मज्जातंतूला दाबून खरा त्रास देते, यात वाद नाही. पण केसांच्या पांढरेपणाप्रमाणे ती वयाबरोबरही येते, आणि नुसता कागद पाहून मान हलवायचीच नाही असे ठरवणारा आपले दुखणे वाढवून घेतो. गळ्यात पट्टा घालून महिनोन्महिने काम करणारे अजूनही दिसतात. पट्टा म्हणजे स्थिरतेवर स्थिरतेचाच उपाय.

प्रत्यक्ष करायचे ते फार थोडे आहे. खुर्चीत टेकून न बसता दोन्ही पावले जमिनीवर ठेवावीत. उजवा हात मांडीखाली दाबून धरला की उजवा खांदा वर यायचा थांबतो; मग डावा कान डाव्या खांद्याकडे न्यावा. मानेच्या उजव्या कडेला ताण जाणवला की तिथेच थांबून वीस-तीस सेकंद सावकाश श्वास घ्यावा. हाच ताण नाक डाव्या काखेकडे वळवून दिला तर फऱ्याच्या वरच्या कोपऱ्यात, जिथे लोक बोट ठेवून ‘इथेच’ म्हणतात, तिथे तो पोचतो. नंतर बाजू बदलावी. समोर पाहत हनुवटी आडव्या रेषेत मागे न्यावी, टेबलाचा खण आत सरकवावा तशी. गळ्याला वळ्या पडतात, चेहरा विनोदी दिसतो, पण मानेच्या पुढचे खोलवरचे आळशी स्नायू जागे होतात. शेवटी दोन्ही खांद्यांचे फरे मागे एकमेकांकडे ओढून पाच मोजावेत. स्वामी कुवलयानंदांनी १९२४ मध्ये स्थापन केलेल्या लोणावळ्याच्या कैवल्यधामात शिकवली जाणारी ब्रह्ममुद्रा याच घराण्यातली: मान उजवीकडे, डावीकडे, वर, खाली, आणि प्रत्येक ठिकाणी निवांत थांबणे. त्यातले निवांत थांबणे महत्त्वाचे. मान गरागरा फिरवण्यात काही मिळत नाही, वयस्करांना मात्र चक्कर येऊ शकते. आणि सलूनमध्ये दाढीनंतर मान काडकन मोडून घेण्याची हौस तर सोडूनच द्यावी. झटक्याने मान वळवल्यावर मेंदूकडे जाणारी धमनी आतून फाटून पक्षाघात झाल्याच्या नोंदी वैद्यकात आहेत. हातात मुंग्या किंवा बधिरपणा उतरत असेल, शर्टाचे बटण लावताना बोटे फसत असतील, चालताना तोल जात असेल, लघवीवरचा ताबा सुटला असेल, दुखण्याबरोबर ताप असेल किंवा अपघातानंतर मान दुखू लागली असेल, तर व्यायाम बाजूला ठेवून डॉक्टरांकडे जायचे. खांद्याचे आणि जबड्याचे दुखणे छातीतल्या दाबासह आले तर क्षणाचाही उशीर न करता.

राहिला मालकाचा आक्षेप, आणि तोच खरा आहे: तासातासाला हे सगळे मान वळवत बसले तर काम कोण करणार? अमेरिकेच्या आयकर खात्यात कागदांवरचे आकडे संगणकात भरणाऱ्या ४२ ऑपरेटरांवर याची परीक्षा २००० मध्ये प्रसिद्ध झाली. नेहमीच्या दोन सुट्यांखेरीज ज्या तासांत सुटी नव्हती त्या प्रत्येक तासाला पाच मिनिटांची जादा सुटी दिली, दिवसाला एकूण वीस मिनिटे. मान, खांदे, डोळे यांचा त्रास कमी झाला आणि वीस मिनिटे जाऊनही दिवसाचे काम घटले नाही. २००७ मध्ये तशाच ५१ ऑपरेटरांवर पुन्हा पाहिले. या वेळी अर्ध्यांना सुटीत ताण देण्याचे व्यायामही करायला सांगितले. सुटीचा लाभ पुन्हा दिसला, हातही जास्त वेगाने चालले; व्यायामाचा वेगळा लाभ मात्र दिसला नाही. कारण साधे असावे: नेहमीच्या सुटीत सांगितल्याप्रमाणे ताण दिला तो चारातून एकदाच, जादा सुटीत ३९ टक्के वेळा. माणसे उठली असतील, पाणी प्यायली असतील, एकमेकांशी बोलली असतील. मान वर झाली होती, तेवढ्यावरही त्रास उतरला.

आपल्याकडे ज्यांची मान जास्त दुखते त्यांतल्या पुष्कळांना ती वर करण्याची किंमत रोकड्यात मोजावी लागते. नगावर मजुरी घेणाऱ्या शिलाई कारागिराने तासाला पाच मिनिटे काढली तर हातात पडणारे पैसे त्याचेच कमी होतात, आणि अमेरिकेतल्या त्या पगारी ऑपरेटरांसारखी त्याला हमी नसते. घरी गेल्यावर धुणीभांडी करणाऱ्या बाईला ‘तुमचा व्यायाम होतोच की’ असे सांगितले जाते. पण मोरीवर वाकून भांडी घासताना तेच स्नायू पुन्हा तसेच धरलेले असतात. १९४८ च्या कारखाने कायद्याने सलग पाच तासांहून जास्त काम न घेता किमान अर्ध्या तासाची विश्रांती द्यायला सांगितले होते, तेही विजेवर चालणाऱ्या दहा कामगारांच्या किंवा विजेविना वीस कामगारांच्या कारखान्यापासून पुढे. चार मशीनचे शिलाईचे दुकान त्यात बसत नव्हते, आणि तो अर्धा तास डबा खाण्यात जाई. म्हणून तक्ता लावायचा असेल तर जरूर लावावा. पण त्याआधी तासाला पाच मिनिटांची मजुरी नगाच्या दरात धरावी. तो हिशेब कामगाराने घालायचा नाही, मालकाने घालायचा आहे.